सगळ्या चौकटींवर खूण

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एका माणसाने मला फोनवर विचारलं, ‘‘मॅडम, पुढची पायरी कोणती?’’ शनिवारी दहा ते बारा मी वाचकांचे फोन घेते. एकोणीस वर्षं घेतेय. दर गुरुवारी पुरवणीत माझं सदर येतं, त्याच्या तळाशी घरचा नंबर असतो, आणि शनिवारी सकाळी ज्यांचं कुठे अडलंय ती माणसं मला झापतात, कधी रडतात, आणि बहुतेकदा सुटलेली वायर खोचली की आभार न मानताच फोन ठेवतात. मला ते आवडतं. फार आभार मानणाऱ्याचं आठवड्याभरात पुन्हा अडतं, हा माझा अनुभव आहे. तर हा आवाज सावकाश होता, प्रत्येक शब्द वेगळा ठेवणारा. म्हणाला, गुरुवारच्या पाचही पायऱ्या केल्या. डिस्क गच्च भरली होती, ती एकदम मोकळी झाली, कॉम्प्युटर पळायला लागला. ‘‘झकास काम झालं. फक्त आता त्या फायली परत कुठून आणायच्या, ती पायरी तुमची छापायची राहिलीय बहुतेक.’’ मी हसतच विचारलं, कुठल्या फायली? ‘‘माझ्या कादंबरीच्या,’’ तो म्हणाला. ‘‘बावीस प्रकरणं आहेत. तुम्हीच छापलंत ना स्पर्धेचं? महिनाअखेरीला पाठवायचीय.’’

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. रिसीव्हर धरलेल्या हाताची बोटं मला एकदम दिसायला लागली, पाच वेगवेगळी बोटं, एकेका नखासकट. पुढचं वाक्य मी माझ्या आवाजात बोललेच नाही, इस्पितळातल्या कुठल्या तरी करड्या सिस्टरच्या आवाजात बोलले: ‘‘कॉम्प्युटर बंद करा. आत्ता. बटण दाबून. आणि मी येईपर्यंत चालू करायचा नाही. पत्ता सांगा.’’ पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते, हे मी किमान दहा वेळा छापलं असेल. दर वेळी ते वाक्य लिहिताना मला बरं वाटायचं. त्या दिवशी ते आठवलं आणि मी तास मोजायला लागले. गुरुवार सकाळ ते शनिवार सकाळ. दोन दिवस तो माणूस पुढच्या पायरीची वाट बघत ते यंत्र चालू ठेवून बसला होता.

माझं सदर म्हणजे अर्ध्या पानाचा संसार आहे. वरच्या मजल्यावर विज्ञानाच्या बातम्या, मधल्या मजल्यावर विज्ञानकथांचं जग, म्हणजे नवी पुस्तकं, स्पर्धा, कुठे कोणी काय कल्पिलं ते, आणि तळमजल्यावर जाड रेघेच्या चौकटीत ‘अडलं का?’ त्या गुरुवारी वर एका दूरच्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ सापडल्याची बातमी होती, मध्ये नव्या लेखकांसाठीच्या विज्ञान-कादंबरी स्पर्धेची, आणि खाली ‘डिस्क भरली? पाच पायऱ्यांत मोकळी करा.’ आजवर तीन संपादकांनी मला सांगून पाहिलं की या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, वेगवेगळी सदरं करू. मी ऐकलं नाही. ज्या माणसाला दूरच्या ग्रहावर हवा कसली आहे हे जाणून घ्यायचंय, त्यालाच आपला प्रिंटर का अडकतो हेही जाणून घ्यायचं असतं. ज्याला यातलं काहीच नको त्याच्यासाठी राशिभविष्य आहे शेजारच्या पानावर. माझे वाचक सदर खालून वर वाचतात. तळची चौकट कात्रीने कापतात आणि कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे भिंतीचा रंग दिसत नाही, माझ्या चौकटीच दिसतात. आणि त्या चौकटींची एक अट मी पहिल्या दिवसापासून पाळत आलेय. मागच्या खोलीत माझे तीन कॉम्प्युटर आहेत. घरात त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात, कारण तीन जावांसारखी तिघींची तोंडं तीन दिशांना. जे या तिघींवर मी स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं नाही, ते मी छापत नाही. कोणी कितीही मोठ्या तज्ज्ञाने सांगितलेलं असो. ही माझी ऐट होती. ऐट म्हणजे ऐटच, दुसरा शब्द शोधत नाही.

त्याच्याकडे जायला निघण्याआधी मी तिघींवरही ती सफाईची खिडकी उघडली. तात्पुरत्या फायली, जुने अहवाल, कचरापेटी, लहान आकाराची चित्रं. निव्वळ केरकचरा. ‘सगळ्या चौकटींवर खूण करा. घाबरू नका, तिथे कामाचं काहीच नसतं.’ हे मी लिहिलं होतं. घाबरू नका हे शब्द खास माझे होते; ते टाकले की म्हातारी माणसं धीराने बटण दाबतात हे मला माहीत होतं. तिघींच्या यादीत काहीच वावगं नव्हतं, आणि क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. म्हणजे त्यानेच काहीतरी भलतं दाबलं असेल. दाबतात लोक. एकदा एकाने मला विचारलं होतं, ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणतोय, पण ‘कोणतीही’ नावाची कळ कुठाय? असाच असेल हाही. मी धाकटीला पिशवीत घातलं, ती लॅपटॉप आहे, वय आठ, सोबत एक वायर आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बस पकडली. बसमध्ये सगळा वेळ मी त्या न पाहिलेल्या माणसाला मूर्ख ठरवत होते. मन लावून ठरवत होते.

तो मूर्ख नव्हता. बत्तीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर स्वच्छ पंचा. भिंतीवर माझी कात्रणं एका ओळीत, टाचणीने नव्हे तर चारी कोपऱ्यांना डिंक लावून, तारखांसकट. त्याने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला, आणि मी तोंड उघडायच्या आत एक वही पुढे केली. गुरुवारी त्याने काय काय केलं ते त्यात लिहिलेलं होतं. वेळ, पायरी, काय दिसलं. पाचव्या पायरीखाली त्याने यादीतल्या प्रत्येक चौकटीचं नाव उतरवून पुढे बरोबरची खूण केली होती. मी वाचत गेले. तात्पुरत्या फायली. जुने अहवाल. कचरापेटी. लहान चित्रं. आणि सातव्या ओळीवर, सुवाच्य अक्षरात: डाउनलोड. बरोबर. दहा वाजून बावीस मिनिटं.

कॉम्प्युटरच्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत ती ओळ आली होती. माझ्या तिघींवर नव्हती, कारण नवी आवृत्ती मी तिघींपैकी एकीवरही घेतली नव्हती. दोघींना ती चालतच नाही, आणि धाकटीला झेपणार नाही म्हणून मीच टाळली होती.  टेबलावरच्या पंच्याला इस्त्री होती. मला आठवतं, मी त्या इस्त्रीच्या घडीकडे बघत होते आणि मनात एकच विचार चालला होता, की कादंबरी डाउनलोडमध्ये कोण ठेवतं? ती कादंबरीची जागा आहे का? तोंडाने तेच विचारलं. तो म्हणाला, पुतणीने पहिल्यांदा एक कोरी फाइल मेलवरून पाठवली होती, समास वगैरे आखून. ती जिथे उघडली तिथेच तो लिहीत गेला. सहा वर्षं. ‘‘आणि दुसरी प्रत?’’ मी जवळजवळ ओरडलेच, ‘‘मी इतक्यांदा लिहिलंय, दुसरी प्रत ठेवा म्हणून!’’ तो म्हणाला, ‘‘ठेवलीय की. तुमचं वाचूनच ठेवली.’’ त्याच फोल्डरमध्ये, शेजारीच, ‘प्रत’ नावाचा दुसरा फोल्डर होता.

मी डिस्क काढली, धाकटीला जोडली, हरवलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला. चार तास लागले. त्या चार तासांत त्याने मला कादंबरी सांगितली. मी विचारली नव्हती, पण गप्प बसणं दोघांनाही जमत नव्हतं. एक ग्रह आहे, तिथे आवाज हवेत विरत नाही, खाली पडतो. बोललेलं सगळं जमिनीवर साचतं आणि रोज पहाटे झाडावं लागतं. कुजबूज बारीक असते, ती फटीत जाऊन बसते, निघता निघत नाही. तिथल्या एका प्रयोगशाळेतला झाडूवाला हा त्याचा नायक. ‘‘भांडणाचा आवाज जड असतो,’’ तो म्हणाला, ‘‘तो उचलायला दोघं लागतात.’’ मी एकोणीस वर्षं विज्ञानकथांच्या बातम्या देतेय. किती यानं, किती यंत्रमानव, किती जगाचे अंत मी चार-चार ओळींत बसवले असतील! इतकं चांगलं मी वाचलं नव्हतं. हे त्याला सांगावं की सांगू नये हे मला कळेना, कारण सांगणं म्हणजे किती मोठी वस्तू फोडली याची जाहिरातच. शेवटी पडद्यावर बावीसपैकी सहा नावं आली. चार प्रकरणं नीट उघडली. उरलेली दोन उघडली त्यांत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते, पानंच्या पानं चौकोन. तो चष्मा लावून ते चौकोन वाचायचा प्रयत्न करत होता. मग चष्मा काढून म्हणाला, ‘‘तुम्ही करून बघितलं होतं ना?’’

‘‘तीन कॉम्प्युटरवर,’’ मी म्हटलं.

‘‘कसले होते तिन्ही? जुने?’’

‘‘जुने.’’

त्याने मान हलवली. पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली. ‘‘मग ते तीन नव्हेत, मॅडम. तो एकच झाला. एकाच बाटलीतलं पाणी तीन नळ्यांत ओतलं तर काय तीन नमुने होतात? आठवीच्या पोरांना आम्ही हे शिकवायचो.’’   बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतलेल्या माणसाने माझ्या एकोणीस वर्षांच्या ऐटीचं एका वाक्यात वाटोळं केलं होतं, आणि ते वाक्य बिनचूक होतं. मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला, ‘‘माफीचं नंतर बघू. या गुरुवारी छापताय ना, की हे चुकलंय? माझ्याकडे आहेत तशी आणखी कात्रणं भिंतींवर असतील.’’ छापते, मी म्हटलं. ‘‘पोरं चुकलेला प्रयोग वहीतून फाडायची,’’ तो म्हणाला, ‘‘मी फाडू द्यायचो नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.’’ मी निघाले तेव्हा तो जिन्यापर्यंत सोडायला आला नाही, आणि ते मला फार बरोबर वाटलं.

घरी येऊन आधी संपादकाला फोन केला, मग नवऱ्याला सांगितलं. तो विमा कंपनीत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या अपघातांत चूक कोणाची हे ठरवत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘अगं, पण त्याने प्रत दुसरीकडे ठेवायला नको होती का? निम्मी चूक त्याची धर.’’ मी म्हटलं, ‘‘अहो, मी घाबरू नका म्हणून लिहिलं होतं.’’ ‘‘मग काय झालं? कोणी सही करून घेतलीय तुझ्याकडून? एवीतेवी त्याचं गेलंच. बाकीचे कोणी बोलतायत का? झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस.’’ तो प्रेमाने बोलत होता, हे मला माहीत आहे. मला वाचवायलाच बोलत होता. पण ती म्हण मला ऐकवेना, कारण ती मूठ मी एकदा झाकलेली आहे. तेवीस वर्षांची होते, एका मोठ्या कार्यालयात कॉम्प्युटर नुकते आले होते. थंडगार खोली, चपला बाहेर, आम्ही चार मुली आत, आणि दारावर पाटी: कामाशिवाय प्रवेश नाही. पेन्शनची यादी एका फ्लॉपीवर असायची. ती हरवू नये, डोळ्यांसमोर राहावी म्हणून मी ती लोखंडी कपाटाच्या दारावर लावून ठेवली. लोहचुंबकाने! चांगलं लाल फुलाच्या आकाराचं चुंबक होतं, घरून आणलेलं. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी कोरी. हसू नका, चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि जेव्हा सांगितलं, साहेबांनी सगळ्यांना बोलावून, तेव्हा कपाटावरचं चुंबक माझ्या पर्समध्ये गेलेलं होतं. फ्लॉपी रोज खालच्या मजल्यावर नेणारा शिपाई होता, त्याने पिशवीत काहीतरी ठेवलं असणार असं ठरलं. त्याची गोदामात बदली झाली. विधवांच्या पेन्शनी तीन महिने अडकल्या. मी गप्प बसले. पुढे कधीमधी तो जिन्यात भेटायचा आणि विचारायचा, ‘‘बाई, बऱ्या आहात ना?’’ त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी मात्र दर वेळी म्हणायचे, हो, बरी आहे.

रविवारभर मी घरात येरझारा घालत होते. मागच्या खोलीत थोरली घरघरत होती, तिच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येत होता, तो वास मला एरवी आवडतो. त्या दिवशी बंद केलं तिला. मी मनातल्या मनात एक अतिशय समंजस मजकूर तयार करत होते: ‘काही वाचकांना अडचण आल्याचे समजते. वाचकांनी नेहमीच दुसरी प्रत सुरक्षित ठेवावी.’ बघा, किती गुळगुळीत! कुठे बोट ठेवायला जागा नाही. यात कोणी काही केलेलं नाही, नुसतं समजलेलं आहे. असली वाक्यं मी लोकांच्या यंत्रांतून एकोणीस वर्षं उपटत आलेय. पडदा काळा होतो आणि वर लिहून येतं, ‘काहीतरी चुकलं.’ काहीतरी! कोणी चुकवलं ते सांग ना मेल्या! आणि आता मी स्वतः तेच लिहायला बसले होते. उठले, कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं. मग पट्टी घेऊन गुरुवारच्या चौकटीचं कात्रण मोजलं आणि नवी चौकट त्याच मापाची आखली. जुनीवर बरोबर बसली पाहिजे. भिंतीवरचा कागद उपटून काढायला म्हाताऱ्यांना स्टुलावर चढायला लावायचं नव्हतं मला, नुसता डिंक लावून वर चिकटवता आलं पाहिजे.

सोमवारी पुरवणीच्या संपादकाकडे गेले. पस्तिशीचा, नम्र मुलगा, माझ्याशी कधी उंच आवाजात बोललेला नाही. काचेची खोली. त्याने कागद वाचला, बाजूला ठेवला, आणि हसून म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचा फोन आल्या आल्या आपण ऑनलाइन आवृत्तीतून तो मुद्दा काढलाय. शनिवारीच. कोणाला पत्ताही लागणार नाही.’’

‘‘पत्ता लागायलाच हवाय,’’ मी म्हटलं. ‘‘माझे वाचक ऑनलाइन वाचत नाहीत, भिंतीवर वाचतात.’’

‘‘हे छापलं म्हणजे आपण मान्य केलं. मान्य केलं म्हणजे उद्या दहा जण भरपाई मागायला येतील. कायदा विभागाशी बोललो मी. ते म्हणतात, अवाक्षर नको.’’

‘‘मग माझ्या एकटीच्या नावाने छापा. येऊ देत दहा जण माझ्या घरी.’’

‘‘पान पेपरचं आहे ना.’’ त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘‘तुम्ही असं करा, या वेळी नुसत्या विज्ञानाच्या बातम्या द्या. कथांचं द्या. तळची चौकट दोन आठवडे सुट्टीवर पाठवू. लोक विसरतात हो. त्या ग्रहाच्या वाफेचं काय झालं पुढे? ते द्या की, लोकांना आवडलं होतं.’’

मला राग आला, आणि तो राग मला आवडला. दोन दिवसांनी पहिल्यांदा पायांत जोर आल्यासारखं वाटलं. ‘‘वाफ कुठे पळून जात नाही,’’ मी म्हटलं, ‘‘शेकडो वर्षं तिथेच असणाराय. इथे रोज कोणीतरी सातव्या चौकटीवर खूण करतंय. माझ्या शब्दावर. ही दुरुस्तीची चौकट नसेल तर सदर नाही.’’ त्याने माझा कागद पुन्हा ओढून पहिल्या दोन ओळी वाचल्या. मला वाटलं वळतोय. मग त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, ‘‘मग सदर नाही, मॅडम. खरंच वाईट वाटतंय.’’ त्याला खरंच वाटत होतं, यात शंका नाही. मी माझा कागद उचलला. एकोणीस वर्षं संपायला एवढा कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं; उठताना खुर्ची आपसूक जागेवर सरकवली, सवयीने.

कठडा धरून जिना उतरू लागले. सांगून ठेवते, मला काही शूर वगैरे वाटत नव्हतं. मला रडू येत होतं, आणि घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं हे ठरत नव्हतं, आणि पुढच्या शनिवारी दहा वाजता मी काय करणार हे तर डोळ्यांसमोर आणवतच नव्हतं. फोन समोर घेऊन बसणार? कोणासाठी? तळमजल्यावर आले तर उजव्या हाताला छोट्या जाहिरातींची खिडकी होती. एकोणीस वर्षं तिच्यासमोरून वर गेलेय, कधी थांबले नव्हते. रांगेत चार माणसं होती. एकाच्या हातात हरवलेल्या कागदपत्रांचा अर्ज, एका बाईच्या हातात नवऱ्याचा फोटो, पुण्यस्मरणासाठी. एक जण आपल्या मुलाशी आपला काही संबंध उरलेला नाही असं जाहीर करायला आला होता आणि दोन ओळींत ते बसवायला धडपडत होता. मी रांगेत उभी राहिले. वर काचेच्या खोलीत जो कागद नको होता, तो इथे घेतील की नाही, एवढाच प्रश्न होता. विचारायला कोणाच्या बापाची भीती?

खिडकीतली बाई चाळिशीची असेल, चष्मा साखळीला अडकवलेला. तिने वर न बघता विचारलं, ‘‘कशात घालायचं? हरवलंय, सापडलंय, नाव बदललंय, की संबंध नाही?’’

‘‘संबंध आहे,’’ मी म्हटलं. ‘‘संबंध आहे असं कशात घालतात?’’

तिने वर बघितलं. ‘‘असं कोणी देत नाही.’’

‘‘मी देतेय. जाहीर निवेदन म्हणून घाला. गुरुवारच्या अंकात, सदराच्याच दिवशी. आणि रुंदी एवढीच हवी.’’ मी कात्रण पुढे केलं. तिने माझा कागद ओढून घेतला आणि पेनच्या टोकाने शब्द मोजायला लागली, ओठ न हलवता, टक टक टक. कागदावर हे होतं:

‘गेल्या गुरुवारी “अडलं का?” या चौकटीत मी लिहिलं की सफाईच्या खिडकीत सगळ्या चौकटींवर खूण करा. ते चूक आहे. नव्या कॉम्प्युटरवर त्या यादीत डाउनलोडचा फोल्डरही असतो, आणि त्यातलं सगळं कायमचं पुसलं जातं. खूण करू नका. ज्यांनी केली असेल त्यांनी कॉम्प्युटर लगेच बंद करावा, पुन्हा चालू न करता जाणकाराकडे न्यावा किंवा मला फोन करावा. मी घाबरू नका म्हटलं होतं. मी पुरतं तपासलं नव्हतं. एका माणसाची सहा वर्षांची मेहनत माझ्यामुळे गेली आहे. चूक माझी आहे, छापखान्याची नाही आणि वाचकाची तर नाहीच. हा कागद कापून जुन्या चौकटीवर चिकटवा.’ खाली माझं नाव आणि फोन नंबर.

मधेच पेन थांबलं. ती मागे गेली, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मोजत नव्हती आता, वाचत होती. माझ्या मागे कोणीतरी घसा खाकरला. तिने कागदावरून नजर न काढता हळूच विचारलं, ‘‘हे वर माहितीय?’’

खोटं बोलता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ‘‘माहितीय,’’ मी म्हटलं. ‘‘वर नको म्हणालेत. तुम्ही विचारायला गेलात तर हे छापलं जाणार नाही. आणि न विचारता घेतलंत तर तुम्हाला बोलणी बसतील. बघा.’’

ती बघत राहिली. कागदाकडे, मग माझ्याकडे, मग छताकडे, जिथे वरचे मजले होते.  मग तिने चष्मा खाली सोडला. ‘‘मला शब्द मोजायचा पगार मिळतो, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘वाचायचा मिळत नाही.’’ तिने गुरुवारची तारीख घातली, रुंदी लिहिली, शिक्का उचलला आणि असा हाणला की मागच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. पावती माझ्याकडे सरकवली. मी बाजूला होणार, एवढ्यात तिने हाताने मला थांबवलं, रांगेला थांबवलं आणि टेबलावरचा फोन ओढून नंबर फिरवला.

‘‘बाबा? काय करताय? कॉम्प्युटरपाशी आहात का? उठा. आधी उठा, मग बोला. नाही, दाबू नका काही! त्या सफाईच्या खिडकीला हात लावायचा नाही. अहो, ताईचे सगळे फोटो तिथेच आहेत ना, डाउनलोडला! हो, चुकलंय त्यात. पेपरात चुकीचं आलंय... मी कुठे म्हणतेय त्या मूर्ख आहेत? त्यांनीच सांगितलंय. इथे समोर उभ्या आहेत.’’ तिने मला न्याहाळलं, रिसीव्हरवर तळवा ठेवला. ‘‘विश्वास बसत नाहीये त्यांचा. म्हणतात, त्या कधी चुकत नाहीत. तुमचं सगळं कापून ठेवतात हो ते.’’ आणि तिने खिडकीच्या खालच्या फटीतून रिसीव्हर बाहेर काढला, वायर पुरेल तेवढा.

मी तो घेतला. कट्ट्यावर वाकून उभी राहिले. पलीकडे एक म्हातारा माणूस धापा टाकत होता, बहुधा फोनपर्यंत घाईने आला होता. त्याने विचारलं, ‘‘खरंच तुम्हीच का?’’

‘‘मीच,’’ मी म्हटलं. ‘‘चुकलेय मी. पेन घ्या हातात, आणि सांगते तसं लिहून घ्या.’’